आकडा आधी, गल्ला नंतर

जून २००१. ओहायो राज्याच्या पश्चिम कडेला, मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांमध्ये वसलेल्या एका मातीच्या ट्रॅकवर डॉनी मोरन नावाच्या ड्रायव्हरने शंभर फेऱ्यांची शर्यत जिंकली आणि त्याला दहा लाख डॉलर मिळाले. तेव्हाच्या भावाने पावणेपाच कोटी रुपयांच्या आसपास. ही शर्यत नॅस्कर या अमेरिकेतल्या बड्या मोटारशर्यत मालिकेची नव्हती, इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध ट्रॅकवरची नव्हती. ज्या गाड्या माणसं ट्रेलरवर टाकून शेकडो मैलांवरून स्वतः ओढत आणतात, दिवसा नोकरी-धंदा सांभाळून रात्री गॅरेजात ज्यांचे नटबोल्ट आवळतात, त्या डर्ट लेट मॉडेल, म्हणजे मातीवर धावणाऱ्या, पत्र्याने झाकलेल्या गाड्यांची होती. ट्रॅकच्या पत्त्यातलं गाव रॉसबर्ग, लोकवस्ती दोनशेच्या घरात. ते बक्षीस गावात वाटलं असतं तर तान्ह्या पोरासकट प्रत्येकाच्या वाट्याला पाच हजार डॉलर आले असते.

हे बक्षीस ज्यांनी ठेवलं ते ट्रॅकचे मालक अर्ल बाल्टेस तेव्हा ऐंशीच्या आसपास होते. हा ट्रॅक, एल्डोरा स्पीडवे, त्यांनी १९५४ मध्ये सुरू केला, २००४ मध्ये विकला आणि मार्च २०१५ मध्ये, ९३ व्या वर्षी, ते गेले. मातीवरच्या शर्यतींची गोडी असलेल्या माणसांत त्यांचं नाव निघालं की बोलणं हटकून पैशावर येतं, आणि गंमत म्हणजे तक्रारीच्या सुरात येत नाही. आयोजक आणि पैसा हे दोन शब्द एका वाक्यात आले की पुढे सहसा 'बुडवले' हे क्रियापद येतं. इथे उलट आहे. म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं. बाल्टेसांनी काही दानधर्म मांडला नव्हता. तिकिटं विकली, हॉट डॉग विकले, धंदा केला आणि चांगला केला. तरी त्यांची आठवण लोक दात्याची काढावी तशी काढतात. का?

बाल्टेस मूळचे बँडवाले. बँडवाला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वरातीतला झुलीचा कोट येतो. हे तसे नव्हेत. शनिवारी रात्री जोडपी बॉलरूममध्ये नाचायला यायची, त्यांच्यासाठी वाजवणारा वाद्यवृंद त्यांचा. नाव मेलडी मेकर्स. एल्डोरा हे त्या नाचाच्या हॉलचं नाव. हॉलच्या मागे जमीन वाबाश नदीकडे उतरत जाते. ही वाबाश पुढे इंडियाना ओलांडताना मोठी नदी होते, इथे उगमाजवळ मात्र ओढ्याएवढीच. त्या उतारावर बाल्टेसांनी पाव मैलाचा मातीचा गोल काढला. दोन वर्षांनी तो तीन-अष्टमांश मैलांचा झाला, आणि १९५८ मध्ये अर्ध्या मैलाचा. आजही तेवढाच आहे. वळणं २४ अंशांनी कललेली आणि बाहेरून काँक्रीटची भिंत. जागाच वाडग्यासारखी असल्यामुळे कुठेही बसलं तरी सगळा ट्रॅक दिसतो. पत्नी बर्नीस आणि ते, दोघांनी मिळून पन्नास हंगाम हा संसार चालवला.

मला स्वतःला असं वाटतं की बाल्टेसांच्या पुढच्या वागण्याचं मूळ त्या बॉलरूममध्ये आहे. वाद्यवृंद चालवणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते: हॉल भरो न भरो, क्लॅरिनेटवाल्याला ठरलेले पैसे द्यावेच लागतात. पाऊस पडला म्हणून लोक आले नाहीत, हे कारण त्याच्यापुढे चालत नाही. पुढच्या शनिवारी त्याने दुसरीकडे वाजवू नये असं वाटत असेल तर अजिबातच नाही.

आता माती. या खेळाबद्दल लिहिणारे बहुतेक जण इंजिनांवर घसरतात, पण खेळ मातीचा आहे. आपल्याकडे तालमीतली माती जशी नुसती माती नसते, तिच्यात तेल, ताक, हळद पडते, ती रोज उकरावी लागते, तसंच इथेही आहे. चिकणमातीवर टँकरने पाणी मारायचं, ते मुरू द्यायचं, वरून गाड्या फिरवून दाबायचं, पुन्हा खरवडायचं. संध्याकाळी पहिल्या फेऱ्या होतात तेव्हा ट्रॅक ओला, काळसर, चिकट असतो. दोन तासांत आतली बाजू घासून गुळगुळीत होते आणि उडालेल्या भुसभुशीत मालाचा बांध भिंतीलगत जमतो. या बांधावर उजवं मागचं चाक टेकवून जो गाडी हाकतो तो पुढे जातो. जरा जास्त गेला की भिंत. एल्डोरावर निष्णात ड्रायव्हर त्या भिंतीला मुद्दाम गाडीचं ढुंगण घासत जातात. स्प्रिंट कार, म्हणजे डोक्यावर पत्र्याचा मोठा पंख असलेली, सहाशे-साडेसहाशे किलो वजनाची आणि नऊशेच्या आसपास अश्वशक्तीची गाडी, हा अर्धा मैल तेरा सेकंदांच्या आसपास काढते. ताशी सव्वादोनशे किलोमीटर, मातीवर, आणि जवळजवळ सगळा वेळ आडवी घसरत.

हे मी एकदाच प्रत्यक्ष पाहिलं. डेटनला माझा मेहुणा असतो. तिथून उत्तरेला तासाभराच्या पुढे गाडी मारली की राज्यमार्ग ११८ वर हा ट्रॅक लागतो. वाटेत व्हर्साय नावाचं गाव लागतं, ज्याला तिथली माणसं बिनदिक्कत 'व्हर्सेल्स' म्हणतात. फ्रेंच राजाने काय म्हणायचं ते म्हणावं. सप्टेंबरातली वर्ल्ड १०० होती. दुपारी पोचलो तर दगडी चढावर बाकं रिकामी, पण सगळ्या बाकांवर चादरी, घोंगड्या, टेपने चिकटवलेल्या पट्ट्या. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात, तसं. मालक पत्र्याच्या गाड्यांकडे फिरायला गेलेले, आणि एवढ्या हजारांच्या गर्दीत कोणी कोणाची चादर हलवत नव्हतं.

"दाजी, वरच्या पायरीला बसू," मेहुणा म्हणाला. "खाली बसलात तर आज खरोखर माती खावी लागेल."

वर बसूनही खाल्लीच. चौथ्या वळणातून गाड्या बाहेर पडल्या की ढेकळांचा एक पडदा उठायचा आणि दोन सेकंदांनी आमच्या कागदी पेल्यांत टपटप पडायचा. वळणात शिरताना गाड्यांची पुढची चाकं उलट्या दिशेला वळलेली, डावं पुढचं चाक हवेत. ड्रायव्हर डोळ्यांवरच्या काचेवर प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यांची चळत लावून बसतात. चिखल झाला की वरचा पापुद्रा ओढून फेकायचा. शर्यत संपल्यावर ट्रॅकवर ते पापुद्रे चकाकताना दिसतात, यात्रा उठल्यावर मैदानात पडलेल्या वेष्टनांसारखे.

असो. पैशाकडे येऊ.

१९६२ मध्ये एल्डोरावर युसॅक या राष्ट्रीय संघटनेच्या स्प्रिंट कार येऊ लागल्या आणि ट्रॅकचं नाव बाहेर झालं. पण बाल्टेसांची खरी करामत १९७१ ची. लेट मॉडेल हा त्या काळी गावोगावचा प्रकार होता. आपापल्या भागात पाच-पन्नास मैलांच्या परिघात शर्यती व्हायच्या, आपापले राजे असायचे. ओहायोचा राजा आणि जॉर्जियाचा राजा समोरासमोर यायचं काही कारणच नव्हतं. बाल्टेसांनी कारण निर्माण केलं. शंभर फेऱ्यांची शर्यत, नाव वर्ल्ड १००, जिंकणाऱ्याला ४,००० डॉलर. त्या वर्षी एवढ्या पैशात अमेरिकेत नवी कोरी मोठी गाडी घरी यायची. पहिली शर्यत ब्रूस गूल्डने जिंकली. मानचिन्ह म्हणून पृथ्वीचा गोल दिला, आणि तो गोल पुढे इतका मोठा झाला की आज या क्षेत्रातल्या माणसाला 'तुझ्याकडे गोल किती?' विचारलं तर तो या शर्यतीची मानचिन्हंच मोजतो.

मग आकडे चढत गेले. १९८४ मध्ये पंख असलेल्या स्प्रिंट कारसाठी किंग्ज रॉयल काढली: जिंकणाऱ्याला ५०,००० डॉलर. आपल्याकडे महाराष्ट्र केसरीला चांदीची गदा असते. बाल्टेसांनी त्याच्या पुढची पायरी गाठली. विजेत्याला मुकुट, झगा, राजदंड आणि बसायला सिंहासन. पहिला राजा स्टीव्ह किन्सर. चेहऱ्यावर चिखलाचं मेण, डोक्यावर मुकुट. हे सगळं थोडं नाटक कंपनीच्या पेटाऱ्यातून काढल्यासारखं दिसतं, आणि बाल्टेसांना ते तसंच दिसायला हवं होतं असा माझा संशय आहे. बँडवाल्याला कोटाची किंमत कळते. १९९४ मध्ये लेट मॉडेलसाठी द ड्रीम: १,००,००० डॉलर. फ्रेडी स्मिथ जिंकला. आणि सात वर्षांनी त्याच्यापुढे आणखी एक शून्य.

मधल्या काळात पैशाखेरीजही उदारपणा चालू होता. १९८१ पासूनची फोर क्राउन ही त्यांची कल्पना: एकाच शर्यतसत्रात चार वेगवेगळ्या जातींच्या गाड्यांच्या चार अंतिम शर्यती. प्रेक्षकाला एका तिकिटात चार खेळ. १९९८ मध्ये जॅक ह्यूइट या ओहायोच्याच ड्रायव्हरने मिजेट, स्प्रिंट, सिल्व्हर क्राउन आणि मॉडिफाइड अशा चारही जिंकल्या. चार वेगळी इंजिनं, चार वेगळे स्वभाव, एकच ढुंगण. हे पुन्हा कोणाला जमलेलं नाही. कायल लार्सनने २०११ मध्ये तीन जिंकल्या तेव्हाही लोकांना आठवण ह्यूइटचीच झाली.

आता या आकड्यांचा हिशेब मांडून बघू, कारण दिलदारपणाची गोष्ट हिशेबाशिवाय नुसती भजनासारखी होते.

अमेरिकेतल्या छोट्या ट्रॅकवर पूर्वी अनेक ठिकाणी गल्ल्यावर टक्का अशी पद्धत होती. दारावर जे जमेल त्याचा ठरलेला हिस्सा बक्षिसांत वाटायचा. म्हणजे गर्दी कमी झाली, आभाळ आलं, शेजारच्या गावात जत्रा निघाली, की ड्रायव्हरचा हिस्साही आटला. वरून, दारावर किती जमलं हे मोजणारा माणूस आयोजकाचाच. ड्रायव्हर आणि आयोजक यांच्यातल्या निम्म्या भांडणांचं मूळ इथे असतं. दुसरी पद्धत आकडा आधी जाहीर करायची. जाहिरातीत छापला म्हणजे तो द्यायचा, मग दारावर काहीही होवो. बाल्टेसांच्या सगळ्या मोठ्या शर्यती या दुसऱ्या जातीच्या. हिवाळ्यात किंवा वसंतात ट्रॅकने आकडा सांगायचा, आणि जॉर्जियातल्या, आयोवातल्या ड्रायव्हरने त्या भरवशावर टायर घ्यायचे, इंजिन उघडायचं, कामावर रजा टाकायची.

यात सगळ्यात वाईट वैरी पाऊस. डांबरी ट्रॅक वाळवता येतो, मोठाले पंखे लावून दोन तासांत शर्यत पुन्हा सुरू करता येते. चिकणमाती भिजली की तिचा लाडू होतो. तिकीट पुढच्या तारखेला चालतं, पण आठशे मैलांवरून आलेला माणूस पुढच्या तारखेला येईलच असं नाही, आणि गल्ला खाद्यपदार्थांच्या टपऱ्यांसकट त्याच्याबरोबर जातो. टक्केवारीत हा तोटा सगळ्यांत वाटला जातो. आकडा आधी सांगितला की तो एकाच माणसाच्या अंगावर येतो.

दहा लाखांचं बघा. माझा कागदावरचा अंदाज: तिकीट सरासरी ५० डॉलरचं धरलं तर नुसतं पहिलं बक्षीस निघायला २०,००० माणसं पाहिजेत. त्यानंतर दुसरा, तिसरा, विसावा क्रमांक, पोलीस, रुग्णवाहिका, विमा, टँकरवाला, दिव्यांचं बिल. कॅम्पिंग, पिटमध्ये, म्हणजे गाड्यांची तयारी-दुरुस्ती चालते तिथे, जायचा पास, खाणं-पिणं, प्रायोजक यांतून बाकी भरून काढायची. हे सगळं दोनशे वस्तीच्या गावी, ज्याच्या आसपास धड हॉटेलंही नाहीत. एवढी रक्कम कोणी आकडेमोड करून लावत नाही. आकडेमोड केली तर लावणारच नाही.

तरीही तो वेडेपणा नव्हता. आकड्यामुळे गाड्या येतात, गाड्यांमुळे माणसं येतात, माणसांमुळे आकडा निघतो. वर्ल्ड १०० ला शंभराच्या वर गाड्या येणं नेहमीचं झालं, आणि अंतिम शर्यतीत जेमतेम पाव भागाला जागा. उरलेले सगळे तेल, टायर आणि रजा घालवून, उपान्त्य फेरीत पडून घरी जातात आणि पुढच्या वर्षी परत येतात. त्यांना कोणी बक्षीस देत नाही. मग बाल्टेस त्यांना काय देत होते? माझ्या मते जागा. जॉर्जियाच्या आणि ओहायोच्या राजांना एका वाडग्यात आणून कोण मोठा हे एकदा ठरवायची जागा. हे देणं पैशातच द्यावं लागतं, कारण दुसऱ्या कशाने माणूस आठशे मैल ट्रेलर ओढत नाही.

दहा लाख कोणाला मिळाले हेही या प्रकरणात महत्त्वाचं आहे. डॉनी मोरन ओहायोच्याच ड्रेस्डेनचा. त्याच्या घरी आधीच चार गोल होते: १९८९, १९९२, १९९६, १९९७. द ड्रीमही त्याने १९९६ मध्ये जिंकली होती. म्हणजे आकडा लागला म्हणून कुठला बडा पाहुणा उतरला आणि रक्कम घेऊन विमानात बसला, असं झालं नाही. ज्याने त्या भिंतीला आयुष्यभर पत्रा घासला होता त्याच्याच हाती पैसा गेला. यात बाल्टेसांचं कर्तृत्व नाही, शर्यत कोणाच्या हातात नसते. पण असा शेवट झाला की मैदान भरवणाऱ्याचाही ऊर भरून येत असणार. मोरनला लोक तेव्हापासून 'मिलियन डॉलर मॅन' म्हणू लागले.

इथे मी बाल्टेसांच्या भक्तांशी थोडा भांडतो. पहिल्या बक्षिसावर भर देणारा दिलदारपणा छायाचित्रात छान दिसतो, पण तो खालपर्यंत झिरपतोच असं नाही. मातीवरच्या शर्यतींत ही तक्रार जुनी आहे: जिंकणाऱ्याचा आकडा फलकावर दर दहा वर्षांनी फुगतो, आणि अंतिम शर्यतीत नुसतं उतरणाऱ्या शेवटच्या गाडीला मिळणारी रक्कम टायरच्या बिलालाही पुरत नाही. वर आकडा मोठा झाला की त्याच्यामागे धावणाऱ्यांचा खर्चही वाढतो. आज वरच्या दर्जाचं लेट मॉडेलचं इंजिन चाळीस-पन्नास हजार डॉलरला जातं. गॅरेजात रात्री नटबोल्ट आवळणारा माणूस, ज्याच्यासाठी १९७१ मध्ये हे दार उघडलं, त्याला आता त्या दारातून आत जाताना कर्ज काढावं लागतं. बाल्टेसांनी हे मुद्दाम केलं नाही. पण त्यांच्या शून्यांनी ते घडायला हातभार लावला, हे नाकारून त्यांची आठवण काढण्यात अर्थ नाही.

आणि तरी मी त्यांना टाळी देतो, त्याचं कारण आपल्या गावच्या यात्रेत आहे. बैलगाडा शर्यतीत बक्षीस मोठं असतं, कधी मोटारसायकल, कधी ट्रॅक्टर, पण ते वर्गणीतून आणि देणगीदारांतून उभं राहतं, आणि कोणी किती दिले हे माइकवरून नावानिशी सांगितलं जातं. त्यात वाईट काही नाही, गावाचं मैदान गाव भरवतं. पण पैसा कमी पडला तर यात्रा कमिटी आहे, सरपंच आहेत, पुढारी आहेत, तोटा दहा खांद्यांवर जातो. एल्डोराला कमिटी नव्हती. एक नवरा-बायको होते, आणि जाहिरातीत छापलेला एक आकडा.

दहा लाखांच्या शर्यतीनंतर तीन वर्षांनी, २००४ मध्ये, बाल्टेसांनी ट्रॅक टोनी स्टुअर्टला विकला. गिऱ्हाईक निवडण्यातही माणूस कळतो. स्टुअर्ट नॅस्करचा विजेता होताच, पण त्याआधी, १९९५ मध्ये, युसॅकच्या मिजेट, स्प्रिंट आणि सिल्व्हर क्राउन या तिन्ही मालिका एकाच वर्षात जिंकणारा तो पहिला. एल्डोराच्या मातीत तो स्वतः लोळलेला होता. घरं बांधणाऱ्या कंपनीला ती जमीन विकली असती तर कोणी अडवलं नसतं. मोठ्या शहरांजवळच्या कितीतरी ट्रॅकचं तेच झालं आहे. इथे मात्र वर्ल्ड १००, किंग्ज रॉयल, ड्रीम, फोर क्राउन सगळं जागच्या जागी राहिलं.

स्टुअर्टने भर घातली. २००५ पासून काही वर्षं नॅस्करच्या नामांकित ड्रायव्हरांना लेट मॉडेलमध्ये बसवून प्रील्यूड टु द ड्रीम नावाची शर्यत भरवली आणि तिचा पैसा धर्मादाय संस्थांना दिला. रूढ अर्थाने जे दान म्हणतात ते हेच. २४ जुलै २०१३ ला नॅस्करची ट्रक मालिका एल्डोरावर आली. १९७० नंतर नॅस्करची कुठलीही राष्ट्रीय मालिका पहिल्यांदा मातीवर धावत होती. ऑस्टिन डिलन जिंकला. तेव्हा बाल्टेस हयात होते. ज्या मोठ्या खेळाने चार दशकं मातीकडे पाठ फिरवली होती, तो मक्याच्या शेतातून वाट काढत त्यांच्या बॉलरूमच्या परसात आला होता.

२०१५ मध्ये ते गेल्यानंतर सात वर्षांनी ट्रॅकने दहा लाखांची लेट मॉडेल शर्यत पुन्हा भरवली. जून २०२२ मध्ये जोनाथन डेव्हनपोर्ट जिंकला आणि त्याला १०,०२,०२२ डॉलर मिळाले. वरचे २,०२२ सालाचे. पुढच्या वर्षी तेच स्प्रिंट कारसाठी केलं: लोगन शुचार्टला १०,०२,०२३. मधली एकवीस वर्षं ही रक्कम डॉनी मोरन सोडून मातीवरच्या कुठल्याच ड्रायव्हरच्या नावावर नव्हती.

आम्ही वर्ल्ड १०० बघून निघालो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. राज्यमार्ग ११८ वर ट्रेलरांची रांग, पुढच्या काचेवर बारीक चिखल, वायपरने तो आणखी पसरला. पेट्रोल पंपावर तोंड धुतलं तर बेसिन चहाच्या रंगाचं झालं. डेटनला पोचलो तेव्हा मेहुण्याची बायको जागीच होती. दारातच तिने आमचे बूट काढायला लावले आणि विचारलं, "दाजी, कोण जिंकलं?"

मी चाचरलो. कानांत अजून इंजिनं होती आणि नाव काही केल्या जिभेवर येईना. किती मिळाले ते मात्र आम्ही दोघांनी एकदमच सांगितलं. ते दुपारपासून पाठ होतं.